थोरल्या साडूंचं तूप

आमच्या थोरल्या साडूंइतका स्निग्ध माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. स्निग्ध हा शब्द मी त्यांच्या स्वभावाबद्दल वापरत नाही. बोलायला ते तसे फटकळच होते. मी त्यांच्या जेवणाबद्दल बोलतो आहे. तूप, लोणी, साय, उसळीवरचा तवंग, मटणाच्या रश्श्यातली चरबी, भजी उचलल्यावर कागदावर उरलेलं तेल, यांतल्या कशालाही त्यांनी कधी पाठ दाखवली नाही. असा माणूस म्हटला की डोळ्यांसमोर ढेरी आणि चार पावलांवर लागणारी धाप उभी राहते. साडू मात्र इतके किडकिडीत होते, की सदरा त्यांनी घातलेला नसून खुंटीला अडकवलेला आहे असं वाटे. उलट मी वरणावर तुपाची धारसुद्धा हात आखडून घेणारा, आणि गोल. आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो की लोक माझ्याकडे पाहून म्हणत, "तूप मानवलेलं दिसतंय." साडूंनी खायचं आणि माझ्या अंगाला लागायचं, अशी काहीतरी व्यवस्था वरून झालेली आहे, असं माझ्या बायकोचं मत होतं.

हे साडू निघोज्याचे. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो, ती त्यांना दिलेली. थोडी शेती, गोठ्यात दोन म्हशी, एक मुलगी तळवड्याला नांदत होती. त्या पन्नासच्या दशकात पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना नवीनच उभा राहिला होता. मी मॅट्रिक झालेला असल्यामुळे तिथल्या टाइम ऑफिसात चिकटलो होतो आणि माझ्यामागोमाग साडूही लागले ते बाटल्या धुण्याच्या खात्यात. दिवसभर गरम पाण्यात हात घालून काचेवरचा ओशटपणा काढायचा, हे त्यांचं काम. जी वस्तू आपण एवढ्या प्रेमाने पोटात घालतो तीच दिवसभर घासून काढतो, यात काही गंमत आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. निघोज्याहून निघून इंद्रायणी ओलांडायची आणि तळवड्यावरून सायकलने पिंपरी गाठायची, हा त्यांचा रोजचा रस्ता. सायकलच्या चेनीला मात्र त्यांनी तेल कधी घातलं नाही. ती इतकी कुरकुरायची, की पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी आम्हाला साडूंचीच वर्दी मिळे. एकदा मी म्हटलं, "दादा, थोडं तेल द्या तिला." ते म्हणाले, "लोखंडाला कशाला? लोखंडाला जीभ हाय व्हय?" नदीला पाणी चढलं की मात्र सायकल आमच्या चिंचवडच्या खोलीच्या भिंतीला टेकायची आणि साडू मुक्कामाला.

भरतीच्या वेळी कारखान्याच्या डॉक्टरांनी त्यांची छाती मोजली होती आणि "पौष्टिक खात जा" असं सांगितलं होतं. डॉक्टर हे वाक्य प्रत्येकालाच ऐकवत. बाकीच्यांनी ते दारातच सोडलं. साडूंनी तो सरकारी हुकूम मानला. पुढे कुणी त्यांच्या ताटाकडे बघून भुवई उंचावली तर ते शांतपणे म्हणत, "डाक्टरचं सांगणं हाय." कारखान्याच्या कँटीनमध्ये उसळीचं मोठं पातेलं येई, त्यावर लाल तवंग चढलेला असे. तो पहिल्या चार-पाच जणांच्याच वाट्याला येतो, हे ओळखून साडू जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांच्या पुढे उभे राहत. वाढणारा गृहस्थही खट होता. साडू दिसले की तो मुद्दाम पळी तळापासून फिरवी. मग साडू कळवळून म्हणत, "भाऊ, ढवळू नगा राव! झोपलेल्या लेकराला आन् तवंगाला उठवू नये." मागून कुणीतरी ओरडे, "आम्ही काय पाणी प्यायचं का?" साडू मागे न बघता उत्तर देत, "तुमाला काय, वल्लं लागलं म्हंजी झालं."

फाळणीनंतर पिंपरीत सिंधी मंडळींची वसाहत झाली होती. तिथल्या एका मिठाईवाल्याशी साडूंचं फार जमलं. त्याला मराठी येत नव्हतं आणि साडूंचं हिंदी ऐकून हिंदी येणाऱ्यालाही ते विसरावंसं वाटे. पहिल्याच दिवशी त्यांनी दुकानासमोर उभं राहून दीर्घ श्वास घेतला आणि सांगितलं, "सेठ, तुमारा तूप एक नंबर हाय, पर कढवने में तुम जरा घाई करता." मिठाईवाला आधी रागावला, मग त्याने त्यांना कढईजवळ बोलावलं. त्या दिवशी दोघांनी मिळून काय केलं हे मला ठाऊक नाही. पण त्यानंतर साडू गेले की कढईच्या तळाशी राहिलेली खरवड त्यांच्यासाठी बाजूला काढलेली असे. त्याच सुमाराला डब्यातलं वनस्पती तूप बाजारात सगळीकडे झालं होतं. ते मात्र साडूंनी कधी आपलं मानलं नाही. "दिसतंय तुपावाणी, वागतंय मेणबत्तीवाणी," असा त्यांचा शेरा होता.

नुसतं खाऊन थांबते तर ते साडू कसले. कुणाला तेलतूप का आवडतं आणि कुणाला का आवडत नाही, याचा त्यांनी आपल्या परीने सांगोपांग अभ्यास केला होता. तंबाखू-विडीवाल्याची जीभ मेलेली असते, तिला तेलाशिवाय जाग येत नाही. जो सकाळी उपाशी घर सोडतो तो दुपारी तुपावर तुटून पडतो. जो एकटा जेवतो त्याला तळलेलं लागतं, कारण चावताना आवाज होतो आणि तेवढीच सोबत होते. लवकर झोपणारा, वेळेवर उठणारा आणि रोज आंघोळीआधी जोर काढणारा माणूस तुपाला बेतानेच हात लावतो, आणि म्हणून अशा माणसावर फार विश्वास ठेवू नये. खुर्चीवर बसणाऱ्याला तुपाची गरज सगळ्यात कमी आणि हाव सगळ्यात जास्त. हे सांगताना ते माझ्याकडे बघत. एकदा आमच्या ऑफिसात सोलापूरकडचा एक नवा कारकून आला. कँटीनमध्ये तो ताट घेऊन बसतो न बसतो तोच साडूंनी त्याला विचारलं, "एकलेच राहता?" तो हो म्हणाला. "सकाळी काय खाल्लं?" काही नाही, म्हणाला. "विडी?" त्याने लाजत खिसा चाचपला. साडूंनी आपल्या वाटीतला तवंग त्याच्या ताटात ओतला आणि म्हणाले, "घ्या. तुमची समदी लक्षणं हाईत." कारकुनाने ती उसळ ज्या तऱ्हेने संपवली, ती बघून आम्ही सगळ्यांनीच साडूंना मानलं.

या अभ्यासाचा एक निष्कर्ष ते फार ठामपणे सांगत. "बायकांना तूप आवडत न्हाई. त्यांचा पिंडच तसा. आमच्या घरचीलाच बगा." आणि ते खरंही होतं. अक्काच्या हातचं तूप म्हणजे रवाळ, सोनेरी, चुलीवर मंद कढवलेलं. पण ती स्वतः त्याला शिवत नसे. सगळ्यांना वाढायची आणि आपण चटणी-भाकरी घेऊन चुलीपाशी बसायची. कुणी आग्रह केलाच तर पदर नाकाला लावून म्हणायची, "नगं बाई, मला वासच सोसत न्हाई." लग्न होऊन आल्यापासूनचं तिचं हे वाक्य. साडूंच्या आईलाही सुनेच्या या सवयीचं कौतुक होतं म्हणे. आमच्याकडे पुरणपोळीला दोघं आले की गंमत होई. माझी बायको चमच्याने तूप वाढू लागली की साडू म्हणत, "चमचा औषधाला असतो. वाटी आण." आणि शेजारी अक्का कोरडी पोळी थेंबभर दुधात बुडवून खात बसलेली.

असं सगळं सुखाने चाललेलं असताना एका दिवाळीच्या तोंडावर साडूंना कावीळ झाली. आधी दोन दिवस ते कँटीनमध्ये रांगेच्या शेवटी उभे राहिलेले दिसले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. मग त्यांचे डोळे हळदीने माखल्यासारखे दिसायला लागले. कारखान्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, तेलातुपाचा थेंब पोटात जाता कामा नये. साडूंचा विश्वास बसेना. चाकणला काविळीवर झाडपाल्याचं औषध देणारे एक म्हातारे होते, त्यांच्याकडे ते मोठ्या आशेने गेले. म्हाताऱ्याने पाला दिला, मंत्र पुटपुटला आणि सांगितलं, तेलातुपाचा थेंब पोटात जाता कामा नये. इंजेक्शन आणि झाडपाला यांचं जगात पहिल्यांदाच एकमत झालं, आणि ते नेमकं साडूंच्या विरोधात.

त्या दिवाळीत अक्काने घरात कढई चढवली नाही. तळणाचा वास त्यांच्या नाकात गेला तर हाल होतील म्हणून शेजारणींनी आणलेलं फराळाचं ताटही तिने उंबऱ्याबाहेरूनच परत केलं. मी रजा काढून भेटायला गेलो, तेव्हा साडू वसरीवर पडलेले होते. मूळचेच हडकुळे, आता तर घोंगडीखाली माणूस आहे की नुसतीच घडी पडली आहे ते कळेना. समोर ज्वारीच्या लाह्या, उसाचा रस आणि बिनफोडणीचं मुगाचं पाणी. मला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "पाव्हणं, मरायला म्या भ्यात न्हाई. पर आसं कोरडं मरायचं जिवावर आलंय." मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. कारण अक्का दाराआड उभी होती आणि तिचा चेहरा पाहिल्यावर दुखणं किती पुढे गेलं आहे ते मला समजलं. मला पोचवायला ती बांधापर्यंत आली आणि एवढंच म्हणाली, "डाक्टरला नीट इचारा. माझ्यापासनं लपवू नगा."

डॉक्टरांना मी विचारलं. पथ्य पाळलं तर उठतील, असं ते म्हणाले, आणि अक्काने असं पथ्य पाळवून घेतलं की जेलरने शिकावं. साडूंनी रुसून पाहिलं, शिव्या देऊन पाहिल्या, एकदा तर गोठ्यातल्या म्हशीला साकडं घातलं. अक्का बधली नाही. हळूहळू डोळ्यांचा पिवळेपणा उतरला. ते काठी टेकत अंगणात यायला लागले, मग कामावर रुजू झाले. आणि पौषात डॉक्टरांनी सांगितलं, आता सगळं खायला हरकत नाही, बेताने.

त्या संक्रांतीला आम्ही मुद्दाम निघोज्याला गेलो. साडू कित्येक आठवड्यांनी तुपाला भेटणार, हा सोहळा चुकवण्यासारखा नव्हता. अक्काने गुळाच्या पोळ्या केल्या होत्या. साडूंचं ताट मांडून तिने शेजारी वाटी ठेवली, काठोकाठ भरलेली. साडूंनी वाटीकडे पाहिलं. वाटी उचलली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडं करून खाली ठेवली.

"नगं," ते म्हणाले. "वास येतोय."

अक्का गोंधळली. "वास कसला? कालच कढवलंय."

"आसंल. मला न्हाई सोसत आता. काविळीनं जिभंची चवच गेली बग."

"आन् मग एवढं तूप काय करू म्या? मडकं भरलंय."

"तू खा."

"मी?" अक्काने पदर नाकाकडे नेला. "मला कुठं आवडतंय."

"आवडायला कशाला पायजे? म्हशीचं समदं तूच करतीस, टाकून देनार व्हय? औषद म्हनून खा. बस हितं, माझ्यासमोर."

अक्काने नाही-हो करत पाट ओढला, पोळीवर थोडं तूप घेतलं आणि कडू काढा घ्यावा तसा घास तोंडात घातला. "जरा जास्त घे, म्हंजी लवकर संपंल," साडू म्हणाले. तिने जास्त घेतलं. ते कोरडी पोळी चावत राहिले. परतीच्या वाटेवर माझी बायको हळहळून म्हणाली, "दाजींना पार बदलून टाकलं हो काविळीनं." मलाही उगीचच आपलं कुणीतरी गेल्यासारखं वाटत होतं.

त्यानंतर काही दिवसांनी नदीवर कसलंसं काम चाललं होतं, वाट बंद होती, म्हणून साडू कारखान्यातून आमच्याकडे जेवायला आले. बायकोने पथ्याचं म्हणून फिकं वरण आणि भात वाढला. साडूंनी ताटाकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि आवाज उतरवून विचारलं, "पाव्हणं, घरात तूप हाय का?"

बायको वाटीच घेऊन आली. त्यांनी ती भातावर उपडी केली आणि पहिला घास घेतल्यावर असे डोळे मिटले, की त्यांची चव गेली आहे यावर कुणा आंधळ्याचाही विश्वास बसला नसता. मी काही विचारायच्या आत तेच बोलायला लागले.

"आजारात एकदा दुपारचा वसरीवर पडल्यालो. हिला वाटलं, झोपलोय. घरातनं वास आला. गरम भाकरीवर तूप पडल्याचा वास, त्यो मला मेल्यावर बी कळंल. मान वळवून बगितलं तर ही चुलीम्होरं बसल्याली. भाकरी कुस्करून वर गूळ, आन् तूप म्हंजी पार ताटलीच्या काठाला आल्यालं. घरात खानारा मीच, आन् मी पडल्यालो. मग उरतच हुतं. डोळं मिटून खात हुती, पाव्हणं. मी खातो ना, तशी."

"मग?"

"मग काय, पयलं तर डोस्कं फिरलं. मी हितं लाह्या चघळतोय, आन् ही! हाक मारायला तोंड उघाडलं. तवर तिनं बोटं चाटली. एकेक. आन् मग मला हाक मारायचं जमलंच न्हाई."

त्यांनी आणखी थोडा भात कालवला.

"लगीन झालं तवा आमच्याकडं तूप आदी बाला, मग थोरल्या भावाला, मग मला. आई म्हनायची, नांगर धरनाऱ्याचं तूप. ही नवी पोर आली. कुनाच्या वाट्यातलं मागनार? म्हनली आसंल, मला वास सोसत न्हाई. सुटली. परत कुनी इचारलंच न्हाई तिला. बा गेला, आई गेली, भाऊ येगळा झाला, तरी म्या बी न्हाई इचारलं. उलट गावभर सांगत हिंडलो, बायकांचा पिंडच तसा."

"मग आता सांगा की अक्काला, पाहिलं म्हणून," माझी बायको म्हणाली.

"आगं, ती लाजंनं पुन्हा हात लावनार न्हाई," साडू म्हणाले. "आन् मला आवडतंय म्हनलं तर समदं माझ्याच ताटात वाढंल. तिचा हात तसा वळलाय. त्यापरीस मलाच वास येतोय, हे बरं."

त्यानंतर किती वर्षं हे चाललं! कँटीनच्या रांगेत साडू पुन्हा सगळ्यांच्या पुढे उभे राहू लागले, सिंधी मिठाईवाल्याने पुन्हा खरवड बाजूला काढायला सुरुवात केली, आमच्याकडे आले की वाटी आपोआप पुढे येई. पण निघोज्याच्या घरात त्यांनी तुपाला पुन्हा हात लावला नाही. दिवाळी, संक्रांत, लेकीचं बाळंतपण, कितीही प्रसंग आले, तरी अक्काने विचारायचं आणि यांनी नाक मुरडायचं. अक्का मात्र भरली. गालांवर रंग आला. बायकोने तिला तसं म्हटलं की ती म्हणायची, "काय करू, ह्यांना सोसत न्हाई, मलाच संपवावं लागतंय." आम्ही दोघं एकमेकांकडे न बघण्याची खबरदारी घेत असू. साडूंनी आपल्या अभ्यासातून बायकांविषयीचा निष्कर्ष तेवढा गाळून टाकला. कुणी विचारलंच तर म्हणत, "त्याचं मला काय सांगता येत न्हाई बा."

साडू गेले त्यालाही आता पुष्कळ दिवस झाले. काविळीने नाही आणि तुपानेही नाही. म्हातारपणाने, पडल्या पडल्या. वर्षश्राद्ध झाल्यावर अक्का चार दिवस आमच्याकडे राहायला आली होती. दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो, आणि माझ्या बायकोला इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्या दिवशी का कोण जाणे, राहवेना. ती म्हणाली, "अक्का, एक सांगू? दाजी आमच्याकडे आले की तूप खायचे. अगदी पहिल्यासारखं."

अक्काने भाकरीचा तुकडा मोडला. "ठावं हाय मला," ती म्हणाली.

"कसं?"

"आगं, मिशांना वास यायचा. एवढ्या लांबनं सायकलवर वारं खात यायचं मानूस, तरी वास काय जायचा न्हाई."

मला बोलल्याशिवाय राहवलं नाही. म्हटलं, "मग अक्का, तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

तिने पदराने तोंड पुसलं, खिडकीबाहेर बघितलं.

"काय बोलायचं, पाव्हणं?" ती म्हणाली. "मी तूप घेऊन जेवाय बसले, की ते म्होरं येऊन बसायचे. बगत ऱ्हायचे माझ्याकडं, घास संपस्तवर. लगीन झाल्यापासनं मी जेवताना कवा बगितलं न्हवतं त्यांनी."

माझी बायको उठली आणि तिने अक्काच्या भाकरीवर तूप वाढलं. अक्का नको म्हणाली नाही.